दुसऱ्याच्या गाडीचं चलन आण्णांच्या नावावर. कॅमेरा चुकला तर दाद कुठं मागायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, कारण घरात आठ दिवस हाच एक विषय चाललाय आणि कुणाला विचारावं ते कळेना.

आमचे आण्णा तासगाव तालुक्यात असतात, द्राक्षबाग आहे, वय ६६, गाडी २०११ ची स्प्लेंडर. ती गाडी घर ते बाग, बाग ते सोसायटी आणि बाजारच्या दिवशी बाजारला, एवढीच फिरते. गेल्या आठवड्यात नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली, कागद बघितले, सगळं नीट होतं, मग त्यांनी हातातल्या मशीनवर नंबर टाकला आणि म्हणाले काका तुमच्यावर दोन चलनं पेंडिंग आहेत, दोन हजार रुपये. आण्णांनी घरी येऊन मला फोन केला तेव्हा आवाज एवढा बारीक झाला होता की मला वाटलं कुठं पडले-बिडले की काय. आयुष्यात कुणाचे दोन रुपये ठेवले नाहीत असा माणूस आहे हो, चार ओळखीच्या लोकांसमोर 'दंड थकलाय' ऐकून घ्यावं लागलं याचंच त्यांना जास्त लागलंय.

मी रात्री महाट्रॅफिकच्या साईटवर (राज्याच्या ट्रॅफिक पोलिसांची चलनं बघायची साईट) गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून बघितलं. दोन्ही चलनं यंदाच्या एप्रिलमधली. आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या वर असलेल्या एका शहरातली (नाव मुद्दाम लिहीत नाही), दोन्ही एकाच चौकातली, सिग्नल तोडल्याची, चार दिवसांच्या अंतरानं. पहिल्याचे ५०० आणि दुसऱ्याचे १५००, कारण तोच गुन्हा परत केला म्हणून. एप्रिलमध्ये आमच्याकडं खरड छाटणी असते, आण्णा दुपारच्या जेवणालासुद्धा घरी येत नाहीत, दोनशे किलोमीटर लांब कधी जातील?

मग फोटो उघडला. बोटांनी मोठा करून करून बघितला. फोटोत स्प्लेंडर नाहीच, स्कूटर आहे! चालवणाऱ्याच्या दोन पायांच्या मधे फळीवर लाल गॅसची टाकी उभी ठेवलीय. स्प्लेंडरवर टाकी अशी ठेवता तरी येते का? नंबरप्लेट साधी, कोपऱ्यात तडकलेली, आणि शेवटून दुसरा आकडा इंग्रजी तीन आहे पण तीन जिथं उघडा असतो बरोबर तिथंच एक काळा स्क्रू बसलाय आणि त्याच्या खालून तडा गेलाय. लांबून बघितलं की तो आठच वाटतो. आमच्या गाडीला त्या जागी आठ आहे.

म्हणजे झालं असं की कुणाच्या तरी प्लेटच्या एका स्क्रूपायी आण्णा दोनदा गुन्हेगार ठरले, आणि आठ महिने आम्हाला पत्ता नाही कारण मेसेजच आला नाही. आता तक्रार नक्की कुठं करायची, त्या शहरात जावं लागतं का, कोर्टाचं काही लचांड मागं लागेल का, आणि मेसेज का आला नाही? कुणी यातनं गेलं असेल तर प्लीज नीट सांगा. माझ्या भावाचं म्हणणं आहे की हे कॅमेरेच बंद केले पाहिजेत, आणि खरं सांगते, फोटो बघितल्यापासून मलाही तसंच वाटायला लागलंय.

मोकळा_रस्ता

ताई, दोन हजार भरून मोकळे व्हा. तक्रार, कागद, हेलपाटे यात त्याहून जास्त जातील. मी दोनदा असंच केलंय.

कृष्णाकाठ

दादा तुमचा हेतू चांगला आहे, पण भरलं म्हणजे आण्णांनी सिग्नल तोडला हे आम्हीच कबूल केल्यासारखं झालं ना. आणि तो टाकीवाला तर रोज त्याच चौकातनं जात असणार, त्याच प्लेटनं. आज दोन भरले, पुढच्या महिन्यात अजून १५०० येणार, मग किती वेळा भरायचे?

नोंदवही

भरू नका, अजिबात भरू नका. मी दोन वर्षं एका शहराच्या कंट्रोल रूममध्ये कंत्राटी ऑपरेटर होतो, हे फोटो आमच्याच स्क्रीनवर यायचे, त्यामुळे आत काय होतं ते सांगतो म्हणजे तक्रारीत काय लिहायचं ते तुम्हाला कळेल.

सिग्नलच्या कॅमेऱ्याला लाल दिवा लागल्याचा इशारा मिळतो. रस्त्यावर जी स्टॉप लाईन असते तिच्यावर सॉफ्टवेअरमध्ये एक रेघ मारून ठेवलेली असते. लाल असताना गाडीनं ती रेघ ओलांडली की फोटो आणि काही सेकंदांची क्लिप बाजूला पडते. नंबर वाचणारा कॅमेरा वेगळा, तो प्लेटचा तेवढाच तुकडा कापून अक्षरं ओळखतो. तिथंच गोची होते. तीन-आठ, शून्य-डी, बी-आठ, एक-सात ही नेहमीची जोडपी. त्यात आपल्याकडं आकडे वाकवून 'राम', 'दादा' असं वाचता येईल अशा प्लेटा, चिखल, तुटलेले कोपरे, अक्षरावरच ठोकलेले स्क्रू. मशीनला शंका येते, पण शंका आली म्हणून ती थांबत नाही, तिला जवळचं जे वाटेल ते लिहून पुढं ढकलते.

आता महत्त्वाचं. मशीननं वाचलेला नंबर 'वाहन' नावाच्या सरकारी गाडी-नोंदणीच्या डेटाबेसला लागतो आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर फोटोच्या शेजारी गाडीचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग सगळं येतं. ऑपरेटरचं काम एकच, डावीकडची गाडी आणि उजवीकडची माहिती एकच आहे का ते बघायचं. तुमच्या केसमध्ये उजवीकडं मोटरसायकल स्प्लेंडर लिहिलेलं असणार आणि डावीकडं टाकी ठेवलेली स्कूटर. ज्यानं ओके दाबलं त्यानं फक्त नंबर बघितला, गाडी बघितलीच नाही. दोनदा. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही, कारण मला ती खुर्ची माहीत आहे, रात्रपाळीला डोळे चुरचुरायला लागतात, रांग संपत नाही आणि वरून विचारणा होते ती किती काढले याची, किती नाकारले याची कधीच नाही. माझ्या हातूनही अशी चलनं गेली असणार आणि कुणाच्या तरी आण्णांना ती लागली असणार, हे तुमची पोस्ट वाचून आज पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं. वाईट वाटलं.

म्हणून मी कॅमेरा बंद करा म्हणणार नाही. कॅमेऱ्यानं जे दिसलं ते टिपलं. गाडी बघायची राहिली ती माणसाकडून, आणि ती नीट बघायला वेळ मिळेल एवढी माणसं बसवायला पाहिजेत.

तक्रार ऑनलाईन होते, महाट्रॅफिकच्या साईटवर नाहीतर ॲपवर त्या चलनाच्या इथंच तक्रारीचा पर्याय आहे. त्या शहरात जायची गरज नाही. आण्णांच्या गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, मागची प्लेट जवळून, आरसीचा फोटो, आणि चलनातला फोटो कापून त्यावर स्कूटर, फळी, टाकी याला गोल करा. दोन चलनं म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी. भावनेचं काही लिहू नका, सरळ लिहा, 'फोटोतील वाहन स्कूटर आहे, नोंदणीतील वाहन मोटरसायकल आहे, आकडा तीन आहे तो आठ वाचला आहे.' बघणाऱ्याला दहा सेकंदात कळलं पाहिजे.

अजून एक. फोटोतली प्लेट साधी आहे म्हणालात. आण्णांच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे ती नवी सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, कधी बसवली? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती आता सक्तीची आहे. चलनाच्या तारखेआधी बसवली असेल तर पावतीवर तारीख असते. त्या तारखेनंतरच्या फोटोत साधी प्लेट म्हणजे ती तुमची गाडी नाहीच, याहून सोपा पुरावा नाही.

सिग्नलपलीकडे

कृष्णाकाठ ताई, तुमच्या आण्णांचं चलन रद्द व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पहिल्या पोस्टमधलं कॅमेरे बंद करायचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ २०१७ मध्ये सिग्नलवर गेला. त्याला हिरवा होता. डबा घेऊन सेकंड शिफ्टला निघाला होता, सायकलवर. आडव्या रस्त्यानं गाडी आली, लाल तोडून, आणि थांबलीसुद्धा नाही. चौकात पानटपरी होती, रिक्षा स्टँड होता, माणसं होती, पण कुणी पांढरी म्हणालं, कुणी करडी, कुणाला नंबरातले दोन आकडे आठवत होते. कॅमेरा नव्हता. वडील वर्षभर पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवत राहिले, शेवटी त्यांनी जाणं सोडलं. स्टीलचा डबा चेपलेला परत मिळाला तो आईनं अजून मांडणीवर ठेवलाय, घासून ठेवते, वापरत नाही.

आता त्याच चौकात कॅमेरे आहेत. मी रोज तिथून जाते. पूर्वी लाल लागल्यावरही चार-पाच गाड्या सुसाट निघायच्या, आता लोक रेघेच्या मागं थांबतात. काही दंडाच्या भीतीनं थांबत असतील, थांबू देत. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली सत्तर टक्क्यांच्या वर नुसत्या वेगानं. हा आकडा मी पाठ केलेला नाही, तो माझ्या डोक्यात बसलाय कारण असल्याच कुठल्या तरी वर्षाच्या आकड्यात माझा भाऊ आहे.

तुमच्या भावाला माझ्याकडून एवढंच सांगा की चुकीच्या चलनासाठी भांडा, शेवटपर्यंत भांडा, पण कॅमेरा काढा म्हणू नका. आमच्याकडं तेव्हा एक जरी फोटो असता ना, वाकडातिकडा, अर्धवट नंबरचा तरी, तरी वडिलांना कुठं जाऊन काय मागायचं ते कळलं असतं.

टेम्पोवाला_जुन्नर

ताई तुमच्या भावाचं वाचून बोलायचं सुचंना. माझं म्हणणं तुमच्या उलट नाही पण गाडीवर पोट असणाऱ्याची बाजू पण कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो.

माझा टेम्पो आहे, जुन्नर नारायणगावकडचा माल वाशी मार्केटला नेतो, टोमॅटो जास्त. मला कॅमेऱ्याच्या चलनाचा एवढा त्रास नाही जेवढा मोबाईलच्या फोटोचा झालाय. कॅमेऱ्यात वेळ असती, जागा असती, वेग मोजलेला असतो, आपल्याला बघता येतं की बाबा खरंच चुकलं का. पण मागल्या वर्षी एकानं रस्त्याच्या कडंला उभं राहून स्वतःच्या खिशातल्या मोबाईलवर मागनं फोटो काढला आणि चलन पडलं संध्याकाळी, नो पार्किंगचं. मी तिथं उभा होतो का चालत होतो हे फोटोवरनं कुणीच सांगू शकत नाही, फोटोत गाडी गाडीसारखी दिसती, थांबलेली पण तशीच आणि चालती पण तशीच. विचारायला कुणाला जायचं, फोटो काढणाऱ्याला तर मी बघितला पण नाही.

हे सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांचं दुखणं होतं म्हणून तर १ जुलै २०२५ पासून चक्काजाम केला होता ई-चलनावर. त्याच महिन्यात राज्याच्या ट्रॅफिकच्या वरच्या साहेबांनी पत्रक काढलं की खाजगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलन टाकायचं नाही, टाकलं तर कारवाई. माझ्या जुन्या चलनाचं काही झालं नाही त्यानं, ते मी भरलं होतं. पण तवापासून आमच्या रूटला मोबाईल वर धरलेला दिसायचं कमी झालंय एवढं खरं.

आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं. तिथं जुलै २०२४ पासून नवीन सिस्टीम चालू झाली, कमानींवर कॅमेरे. आमच्या लाईनीत पोरं सुरुवातीला काय करायची, कमान दिसली की ब्रेक, कमान गेली की परत पाय खाली. कारवाले तर अजून करतात. त्यांना हे कळत नाही की तिथं नुसता त्या जागचा वेग धरत नाहीत, दोन कमानींमधला सरासरी वेग काढतात. साधा हिशोब आहे, कारला १०० ची मर्यादा, म्हणजे दहा किलोमीटरला सहा मिनिटं लागलीच पाहिजेत. तुम्ही पाच मिनिटांत पुढच्या कमानीला पोचला तर तुम्ही १२० नं आला, मग कमानीखाली कितीबी हळू जावा. कारला दोन हजार बसतात. आणि घाटात कारला ६० च आहे, हे लोकांना खालीच मोठ्या पाटीवर परत परत दिसायला पाहिजे, कारण सपाटीवरनं १०० नं आलेल्या माणसाचा पाय एकदम निघत नाही.

मला तर सरासरीचं बरं वाटतं, खरं सांगतो. ब्रेक मारायची घाई नाही, मागच्यानं येऊन ठोकायची भीती नाही. एका चालीनं जायचं. बोरघाटात रात्री उतरताना मागनं कार अंगावर यायची ती भीती कमी झालीय. आमची मागणी एवढीच की जे मशीन मोजतं त्याच्यावरच चलन काढा, आणि पाटी आधी लावा.

वकिलीणबाई_तालुका_कोर्ट

वर बहुतेक सगळं आलंय, मी फक्त कायद्याचं जोडते, कारण यातलं बरंचसं नियमात आधीच लिहिलेलं आहे आणि लोकांना ते माहीत नसतं.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३६ए आलं, कॅमेऱ्यांनी कारवाई करण्याचं. त्याच्या खालचा नियम १६७ए ऑगस्ट २०२१ मध्ये आला. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना हे राबवायला सांगितलं, त्यामुळे कॅमेरे कमी होणार नाहीत, वाढतीलच, हे धरून चला. पण त्याच नियमात तुमच्या बाजूनं काय काय आहे बघा. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. पुढं कॅमेरा आहे अशी पाटी लावावी लागते. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची असते. चलनात गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसेल असा फोटो, यंत्रानं घेतलेलं मोजमाप, तारीख, वेळ, जागा, कुठलं कलम मोडलं ते, आणि पुरावा कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र असावं लागतं. चलन निकाली निघेपर्यंत ते रेकॉर्ड जपून ठेवायचं असतं. आणि कुठली यंत्रं चालतील त्याची यादी आहे, स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, अंगावरचा कॅमेरा, डॅशबोर्डचा कॅमेरा, नंबर वाचणारा, वजनाचं यंत्र वगैरे. टेम्पोवाले दादा, खिशातला मोबाईल त्या यादीत नावानं कुठंही नाही.

कृष्णाकाठ, तक्रारीत फोटोचा मुद्दा पहिला घ्या, नोंदवहींनी सांगितलंय तसाच. कायद्याचे मुद्दे त्याच्या खाली. तक्रार फेटाळली तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीनच गोष्टी मागा: त्या चौकातल्या यंत्राचं त्या तारखेला लागू असलेलं मान्यता प्रमाणपत्र, त्या चलनाची पूर्ण क्लिप, आणि नोटीस कधी व कुठल्या नंबरवर पाठवली त्याची नोंद. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत क्लिप मागितल्यावरच गाडी दुसरी आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

मुदतीबद्दल लोक अर्धवट लिहितात म्हणून नीट सांगते. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांत घ्यायला लागते, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हे कलम ४६८ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये ५१४. कोर्ट उशीर माफ करू शकतं, पण त्याला कारण लागतं. तुमची चलनं एप्रिलमधली म्हणजे हा मुद्दा तुमच्याकडं आहे, पण तो कोर्टात मांडायचा असतो, त्यामुळे साईटवरून चलन आपोआप पुसलं जात नाही. नाक्यावर ते दिसतच राहणार. म्हणून मुदतीवर भिस्त ठेवून गप्प बसू नका.

लोकअदालतीचा मेसेज आला तर घाईनं तडजोड करू नका. तिथं रक्कम कमी होते खरी, पण चलन तुमचं आहे हे धरूनच तडजोड होते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. चुकलं असेल त्यानं जरूर जावं. तुमचं चुकलेलंच नाही.

मेसेज न येण्याचं कारण बहुतेक आरसीला मोबाईल नंबर जोडलेला नसणं. २०११ च्या गाड्यांना बऱ्याचदा नसतोच. परिवहनच्या साईटवर जोडता येतो, आजच जोडा. आणि ज्यांनी गाडी विकलीय पण नाव बदलून घेतलेलं नाही त्यांनी सगळ्यात आधी ते काम करा, चलन कागदावरच्या मालकालाच येतं. माझ्याकडं महिन्यातून एकतरी माणूस चार वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची चलनं घेऊन येतो.

ओंजळभर

एक धोक्याची सूचना, कारण आत्ता सगळे साईट उघडून बघतील. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावानं एपीके फाईल (उघडली की मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) येते, आरटीओ चलन असं काहीतरी नाव असतं, ती उघडू नका. आमच्या शेजारच्या काकूंच्या खात्यातले पैसे गेले तसेच. चलन बघायला कुठलीही फाईल उतरवावी लागत नाही, साईटचा पत्ता स्वतः टाईप करा, शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा.

पांढरा_पट्टा

यात महापालिकेचं कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॅमेरा बऱ्याच ठिकाणी महापालिकेच्या नाहीतर स्मार्ट सिटीच्या पैशातून बसतो, चलन पोलीस काढतात, दंड सरकारजमा होतो, आणि रस्त्यावरचा पट्टा रंगवायचं काम परत पालिकेच्या रस्ते विभागाचं. तिघं तीन तोंडाला.

आमच्या चौकात डांबरीकरण झालं आणि झेब्रा, स्टॉप लाईन दोन्ही नवीन डांबराखाली गेले. दोन महिने पट्टाच नाही. पण कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमधली रेघ जिथल्या तिथं. लोक अंदाजानं थांबायचे, चाक फूटभर पुढं गेलं की चलन. आमच्या सोसायटीतल्या सात जणांना आली. मी रोज संध्याकाळी चौकात उभं राहून रस्त्याचे फोटो काढले, वरच्या सिग्नलच्या खांबासकट, म्हणजे जागा कळावी, आणि प्रभाग कार्यालयात अर्ज दिला, त्याची पोच घेतली, तीच पोच ट्रॅफिकच्या तक्रारीला जोडली. पट्टा नऊ दिवसांत रंगवला. सातपैकी पाच जणांची चलनं रद्द झाली, दोघांनी आधीच भरली होती त्यांचे पैसे परत आले नाहीत.

तेव्हा चलन आलं की फोटोत नुसती स्वतःची गाडी बघू नका, चाकाखालचा रस्ता पण बघा. पट्टा दिसतो का? सिग्नलचा दिवा फोटोत दिसतो का? पुढं झाडाची फांदी आडवी आलीय का? आमच्या चौकात नंतर एक फांदी पण निघाली, सिग्नलच झाकलेला होता पावसाळ्यात.

कृष्णाकाठ

सगळ्यांना मनापासून थँक्यू, उशिरा लिहितेय कारण काहीतरी निकाल लागू दे म्हणून थांबले होते.

नोंदवही दादा, तुम्ही एचएसआरपीचं विचारलंत आणि मी तशीच आण्णांना फोन लावला. पावती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती. मार्चमध्ये बसवलीय, पहिल्या चलनाच्या सोळा दिवस आधी! आण्णांनी पहिल्याच तारखेला नंबर लावला होता, गावात सगळे म्हणत होते कशाला घाई, मुदत वाढतीय. त्या घाईचाच उपयोग झाला. नव्या प्लेटला ते स्क्रूसुद्धा नाहीत, रिव्हेट आहेत, जवळून फोटो काढला.

दोन तक्रारी टाकल्या, तुम्ही लिहिलं होतं तीच वाक्यं, खाली वकीलताईंनी सांगितलेला पंधरा दिवसांचा मुद्दा. अकराव्या दिवशी पहिलं चलन गेलं. दुसरं अजून तसंच आहे आणि रक्कमही १५०० च दिसतेय. आता पहिला गुन्हाच नाही म्हटल्यावर दुसरा 'परत केलेला' कसा राहील? तेच लिहून परत पाठवलंय, पहिलं रद्द झाल्याचं पान जोडून. नाही झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज तयार करून ठेवलाय, क्लिप मागणार.

सिग्नलपलीकडे ताई, तुमचं लिहिलेलं मी भावाला आणि आण्णांना दोघांना वाचून दाखवलं. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला कॅमेऱ्याचं मी परत बोलणार नाही, पण बघणारा माणूस नीट बघायला पाहिजे. मीही माझं ते शेवटचं वाक्य मागं घेते, तेव्हा रागात होते.

आण्णांचं वेगळंच. त्यांनी मला तो फोटो परत दाखवायला लावला, चष्मा लावून टाकीवाल्याकडं बघत बसले. म्हणाले पोरगा संसाराला लागलेला दिसतोय, त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे तो स्क्रू काढ म्हणून, आणि टाकी अशी पायात घेऊन लाल तोडू नको म्हणून. आम्ही तक्रारीत त्या खऱ्या नंबराचाही उल्लेख केलाय, पुढं काय करायचं ते ते बघतील.

आरसीला मोबाईल नंबर जोडला, माझा नाही, आण्णांचाच. आणि त्यांनी दोन्ही चलनांच्या फोटोच्या आणि रद्द झालेल्या पानाच्या प्रिंटा मागितल्यात, मोठ्या काढ म्हणाले, नाक्यावर परत अडवलं तर दाखवायला. उद्या काढून एसटीनं पाठवतेय.